चाळीस खोल्यांची पर्णकुटी

“पौर्णिमेच्या आत घर मोकळं करा! देवराईला तुमच्यापासून धोका आहे!”

दिवाणांनी हुकूम वाचला आणि रावजी गुरव त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला. काळवलीच्या डोंगरावरची ही राई त्याच्या सात पिढ्यांनी राखली होती. तिथली वाळकी काटकीसुद्धा त्यांच्या चुलीत कधी गेली नव्हती.

त्याची मुलगी सगुणा दारातून पुढे आली. “आमच्यापासून धोका? मग आम्ही गेल्यावर इथे कोण राहणार?”

“कोणी नाही. फक्त महाराज,” दिवाण म्हणाले. “त्यांना निसर्गाच्या कुशीत साधेपणानं राहायचं आहे. कुटुंबापुरती एक पर्णकुटी बांधायची आहे.”

“केवढी?”

दिवाणांनी नकाशा उलगडला. तो ओटीवर मावेना, म्हणून अंगणात पसरला.

“चाळीस खोल्यांची.”

सगुणाला हसू आवरेना. हंबीरराजे अंगणाच्या कडेला डोळे मिटून रानाची हवा छातीत भरून घेत होते. त्यांनी एक डोळा उघडला.

“का गं हसलीस?”

“महाराज, एवढी पर्णकुटी उभी राहिली, तर राईत पर्णं किती उरतील?”

“सगळी उरतील! आमच्या कुटीपायी राईतलं एक पानही तुटणार नाही. तशी आमची सक्त ताकीद आहे.”

“ताकीद झाडांना आहे की गवंड्यांना?”

राजांचा दुसरा डोळाही उघडला. “फार बोलतेस! मग तूच बांध. चाळीस खोल्या, आणि एक पान तुटता कामा नये. जमलं तर तुमचं घर राहील. नाही जमलं तर गाठोडं बांधा!”

“पोरी, हो म्हणू नकोस!” रावजी कळवळून म्हणाला.

“कबूल!” सगुणा म्हणाली. “पण आधी माप घ्यावं लागेल. माणसाला पाठ टेकायला साडेतीन हात पुरतात, जागा खातं ते सामान. कुटीत जे जे लागणार, ते परवा सकाळी वर आणा. त्याच्याभोवती मी चुन्याची फक्की टाकते. तेवढं घर.”

“त्यात काय!” दिवाण म्हणाले. “शंभर गाड्या लावतो.”

“वर पाऊलवाट आहे, दिवाणजी. गाडीवाट करायची तर अंजनाची अठरा झाडं पाडावी लागतील.”

“मग शंभर भोई!”

“शंभर भोई दमून येणार आणि भाकरी मागणार. आमच्या बांधावरचं सरपण चार माणसांपुरतं. बाकीच्यांची चूल कशावर पेटवू? राईवर?” ती राजांकडे वळली. “एकही पान नाही ना, महाराज?”

“भोई हवेत कशाला?” राजे गरजले. “आम्ही काय लेचेपेचे आहोत? आमचं सामान आम्ही वाहू!”

“शब्द?”

“राजाचा शब्द!”

तिसऱ्या दिवशी सकाळी डोंगराच्या पायथ्याशी गाड्या रिकाम्या झाल्या. वाट दाखवायला सगुणा खाली आली होती. राजांनी चांदीचं सिंहासन पाठीवर घेतलं. पहिल्याच वळणावर ते उतरवलं.

“वर बसायला दगड आहेत का गं?”

“हवे तेवढे, महाराज.”

सिंहासन वळणावर राहिलं. पुढच्या चढाला राणीसाहेबांनी शालूंची पेटी खाली आपटली. “रानात नेसून कोणाला दाखवू? वानरांना?” राजकुमारांनी पितळी घंगाळ थोडं ढकललं, थोडं ओढलं, आणि शेवटी त्याला टेकून झोप काढली. दिवाणांच्या डोक्यावरचं काचेचं झुंबर गारंबीच्या वेलीत अडकलं.

“वेल तोडू का, सरकार?”

“खबरदार!” राजे वरून ओरडले. “एकही पान नाही!”

दिवाण तासभर एकेक लोलक सोडवत बसले. मग त्यांनी झुंबराला हात जोडले आणि मोकळ्या हातांनी वर निघाले.

ऊन माथ्यावर आलं तेव्हा राजघराणं गुरवाच्या अंगणात पोचलं. सगुणाने सामान मांडून घेतलं. चार घोंगड्या, दोन पातेली, एक तवा, पाण्याचा हंडा आणि राजांनी शेवटपर्यंत न सोडलेला बुद्धिबळाचा पट. तिने मुठीत चुना घेतला, सामानाभोवती आणि दमून बसलेल्या माणसांभोवती फक्की टाकली आणि हात झटकले.

“झालं माप. तीन खोल्या!”

“तीन?” राजे ताडकन उठले. पायाला फोड आले होते, म्हणून लगेच बसले. “गुरवाच्या घराला खोल्या किती?”

“चार, सरकार,” रावजी भीत भीत म्हणाला.

“म्हणजे आमचं घर गुरवाच्या घराहून लहान? आम्ही चाळीस सांगितल्या होत्या! बाकीच्या सदतीस कुठे आहेत?”

सगुणाने डोंगराच्या उताराकडे बोट दाखवलं. उन्हात वळणावळणावर काहीतरी चकाकत होतं. कुठे सिंहासन, कुठे घंगाळ, कुठे वेलीत लटकलेलं झुंबर.

“त्या वाटेत राहिल्या, महाराज! तुम्हीच ठेवून आलात. आणि एक पानही तोडलं नाहीत!”

सगळ्यांनी वळून उताराकडे पाहिलं. मग राणीसाहेबांना हसू फुटलं. राजांनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं, स्वतःच्या पायाच्या फोडांकडे पाहिलं, आणि तेही असे खदाखदा हसले की वरच्या फांदीवरचं शेकरू उडी मारून पळालं.

“हरलो! पण या तीन खोल्या तरी बांधशील ना?”

“कशाला? एवढ्याच सामानाला आमची ओटी पुरेल. दोन दिवस राहा, भाकरी खा. राईला कळणारही नाही की राजे येऊन गेले.”

“दिवाणजी, लिहा!” राजांनी डोळे पुसले. “गुरवाचं घर वंशपरंपरा इथेच राहील आणि राईची राखण त्यांच्याकडेच. आजपासून संस्थानात आमच्या नावानं एक खोली जरी बांधायची असेल, तरी नकाशा आधी सगुणाबाईंना दाखवायचा!” त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या हातात घातलं.

“आणि सरकार, वाटेतलं सामान?” दिवाणांनी हळूच विचारलं.

“नकाशा तुम्हीच काढला होता ना?” राजे म्हणाले. “मग सदतीस खोल्या तुम्हीच खाली न्या!”