राजाची नवी ढाबळ

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते मला विचारू नका, मला सांगणाऱ्यांनीही ती जुनी म्हणूनच सांगितली. एका डोंगरावर एक छोटंसं राज्य होतं. राज्य म्हणजे काय, तर एक गड, दोनशे उंबरे, एक हत्ती आणि एक राजा. हत्ती म्हातारा झाला होता आणि राजाचे गुडघे दुखत होते.

गुडघे दुखायला लागले की माणसाला सपाट जमीन आवडायला लागते. राजानं डोंगराखाली नदीकाठी नवा राजवाडा बांधला, नवं गाव आखलं. सरळ रस्ते, एका रांगेत घरं, सगळ्या घरांची तोंडं राजवाड्याकडे. मग दवंडी पिटली की उद्यापासून सगळ्यांनी खाली राहायचं.

लोक खाली आले. राजाचा शब्द कोण मोडणार? दिवसभर त्यांनी खाली कामं केली, आणि ऊन कलल्यावर एकेक जण वहाणा हातात घेऊन पायवाटेनं गुपचूप वर निघून गेला. नव्या गावात दिवेलागणीला दिवे लागायचे ते फक्त राजवाड्यात.

राजा चिडला. त्यानं वेशीवर भला मोठा नगारा ठेवला. दिवस मावळायच्या आत नगारा वाजायचा आणि वेशीचा दरवाजा बंद व्हायचा. मग लोक नगाऱ्याच्या आधीच घरी जायला लागले. त्यापायी दुपारनंतरची कामंही बुडायला लागली. राजा हुशार होता, पण लोक काही कमी नव्हते.

आता कबुतरांकडे वळू, कारण गोष्ट त्यांचीच आहे.

गडावर राजाची बावीस कबुतरं होती, निरोप आणणारी. त्यांची देखभाल हौसाबाई नावाची एक बाई करायची. वयानं साठीच्या पुढं, अंगानं काटकुळी, आणि जीभ अशी की कारभारीसुद्धा तिच्या वाटेला जात नसत. राजाची एकुलती एक लेक घाटापलीकडे दिली होती. अधूनमधून घोडेस्वाराबरोबर टोपलीतून दोन-चार कबुतरं तिच्याकडे जायची. लेकीला काही कळवायचं असलं की ती कबुतराच्या पायाला चिठ्ठी बांधून त्याला सोडून द्यायची. घोडेस्वाराला दोन दिवस लागत, कबूतर सकाळी निघून दुपारच्या जेवणाला हजर.

राजानं कबुतरांसाठीही खाली नवी ढाबळ बांधली. सागवानी खोपे, पितळी कड्या, वर कळस. बावीस कबुतरं टोपल्यांत भरून खाली आणली, आणि त्यातलीच चार लेकीकडे पाठवून दिली. हौसाबाईला कुणी काही विचारलं नाही.

श्रावणात लेकीनं चिठ्ठी पाठवली. तिला दिवस गेले होते. तिनं लिहिलं होतं, 'बाबा, आईच्या हातचा मोरावळा खावासा वाटतो. लवकर पाठवा.' ही चिठ्ठी घेऊन काजळी नावाची कबुतरी निघाली, ती सरळ गडावर गेली, जुन्या ढाबळीच्या फुटक्या कौलावर बसली आणि बसूनच राहिली. खाली राजा वाट बघतोय, वर काजळी वाट बघतेय. नऊ दिवसांनी एका गुराख्याला ती दिसली, त्यानं तिला चिठ्ठीसकट खाली आणलं. मोरावळ्याची बरणी घाट ओलांडून पोचली तोवर लेकीचे डोहाळे पालटले होते. तिनं घोडेस्वाराबरोबर उरलेली तीन कबुतरं परत पाठवली आणि उलट निरोप धाडला, 'आता नको. आता बघवत पण नाही.'

राजाला फार लागलं ते. लेकीनं एक गोष्ट मागितली आणि बापाला ती वेळेवर देता आली नाही. त्यानं हौसाबाईला बोलावलं.

"सोन्यासारखी ढाबळ बांधून दिली," राजा म्हणाला, "आणि ही पाखरं जातात त्या पडक्या कौलांवर. असली नमकहराम कबुतरं कशाला पोसायची? मुदपाकखान्यात द्या पाठवून."

बावीसच्या बावीस हौसाबाईनं हातावर वाढवली होती. पण आवाज तिनं शांत ठेवला.

"महाराज, नमकहराम नाहीत ती. उलट फार इमानी आहेत. ज्या छपरावरून पहिल्यांदा आभाळ बघितलं त्या छपराला जागतात. आता ते तुम्ही खाली आणलं नाही, त्याला ती काय करतील?"

"मग त्यांना हे छप्पर शिकव."

"म्हाताऱ्यांना नाही शिकवता येणार. त्यांची पिल्लं शिकतील. ती इथं जन्मली तर त्यांना वरचा गड माहीतच नसणार. पण वेळ लागेल."

राजानं बोटांवर महिने मोजले. "पौषात आमच्या लेकीचं बाळंतपण आहे. ती बातमी या छपरावर उतरली पाहिजे. नाही उतरली, तर म्हातारी आणि तरणी, सगळी मुदपाकखान्यात."

"आणि उतरली तर?"

"तर मागशील ते."

"मागायचं आहे ते आत्ताच मागते. मधे कुणी लुडबुड करायची नाही. महाराजांनी पण."

कारभाऱ्यांना ठसका लागला. राजा मात्र "बरं" म्हणाला.

हौसाबाईनं जुनी कबुतरं ढाबळीत बंद ठेवली. जोड्या जमल्या, अंडी आली, भाद्रपदात पिल्लं निघाली. अकरा जगली. आधी नुसती पिवळी लव आणि भलीमोठी चोच. राजा येऊन बघून गेला आणि म्हणाला, "ही निरोप आणणार?" हौसाबाई म्हणाली, "महाराजही जन्मले तेव्हा मी बघितलंय." त्यावर राजा आठ दिवस आला नाही.

घट बसायच्या सुमाराला पिल्लं दाणे टिपायला लागली. मग हौसाबाईनं ढाबळीच्या छपरावर बांबूचा एक मोठा पिंजरा ठेवला आणि रोज सकाळी पिल्लांना त्यात बसवायला लागली. पिल्लं मान वाकडी करून नदी बघायची, चिंचेचं झाड बघायची, राजवाड्याचा कळस बघायची. संध्याकाळी ती करवंटीत ज्वारी घालून खुळखुळवायची, की पिल्लं धडपडत आत. रोज तेच. राजाला राहवेना. तो गुडघे धरत शिडी चढून वर आला.

"नुसती बसवून काय होणार? सोड ना त्यांना."

"बघतायत ती."

"किती दिवस बघणार?"

"त्यांचं बघून होईल तेवढे दिवस. घर आतून किती बघितलं तरी बाहेरून ओळखता येत नाही, महाराज. परतायचं असतं ते बाहेरून."

राजाला ते पटलं की नाही कोण जाणे. पण तो रोज यायला लागला. पिंजऱ्याशेजारी घोंगडीवर बसायचा, आणि हळूहळू त्याला एकेक पिल्लू ओळखू यायला लागलं. काजळीचं एक पिल्लू होतं, डाव्या पंखात एकच पांढरं पीस असलेलं. त्याच्यावर राजाचा जीव जडला.

कोजागिरीच्या दिवशी हौसाबाई म्हणाली, "आज सोडायची. सकाळपासून उपाशी ठेवलीत, म्हणजे लांब जाणार नाहीत. चार घिरट्या घालतील, करवंटी वाजली की उतरतील. कुणी हलायचं नाही, कुणी बोलायचं नाही."

तिनं पिंजऱ्याचं दार उघडलं. पिल्लं बाहेर आली, छपरावर तुरुतुरु चालली, एकानं पंख झाडले, आणि मग सगळी एकदम उडाली. काय सुंदर दिसत होती ती. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि त्याच वेळी वेशीवरचा नगारा धडाडला.

बंदीची वेळ झाली नव्हती. राजानंच सकाळी सांगून ठेवलं होतं की पिल्लं उडाली की नगारा वाजवा, सनई वाजवा, पहिलं उड्डाण आहे, कौतुक झालं पाहिजे. बिचाऱ्यानं हौसेनं केलं होतं. पिल्लं दचकली, फुटली आणि दाही दिशांना गेली. बघता बघता आभाळ रिकामं झालं.

हौसाबाईला सगळं दिसत होतं, ही अकरा गेली, पौषात निरोप येणार नाही, आणि मग आतली बावीसही जाणार. तिनं राजाकडे बघितलं. राजाचं तोंड इतकं उतरलं होतं की तिला रागावताही येईना.

"आता?" राजानं विचारलं.

"आता काय. बसायचं." तिनं करवंटी त्याच्या हातात दिली. "वाजवत राहा. जोरात नाही. जेवायला हाक मारतात तसं."

राजा वाजवत राहिला. ऊन उतरलं. गडावर एकेक दिवा लागायला लागला, आणि करवंटी वाजवता वाजवता राजाची मान तिकडे वळली. हौसाबाई बघत होती.

"महाराज, एक बोलू? रोज दिवेलागणीला तुम्ही तिकडेच बघता. तुम्ही तरी कुठं रुळलाय इथं?"

राजाच्या हातातली करवंटी थांबली.

"आणि त्या लोकांना तुम्ही नगारा वाजवून कोंडता. आज बघितलंत ना, नगाऱ्यानं काय होतं ते. वाजवा महाराज, थांबू नका."

राजानं पुन्हा करवंटी वाजवली. तेवढ्यात चिंचेच्या शेंड्यावर काहीतरी हललं. एक पिल्लू. ते कळसावर आलं, तिथून छपरावर, आणि तुरुतुरु चालत राजाच्या पायाशी येऊन दाणे टिपायला लागलं. मग दुसरं आलं. अंधार पडेपर्यंत दहा आली. पांढऱ्या पिसाचं तेवढं आलं नाही. ते दुसऱ्या दिवशी दुपारी आलं, थकलेलं, शेपटीची दोन पिसं गमावून. राजा तोवर छपरावरून उतरला नव्हता. जेवणही त्यानं तिथंच मागवलं होतं.

खाली उतरल्यावर त्यानं पहिली गोष्ट केली ती नगारा वेशीवरून काढून देवळात ठेवला. वेशीचा दरवाजा उघडाच राहील असं सांगितलं. ज्याला वर जायचं त्यानं खुशाल जावं, ज्याला खाली घर हवं त्यानं जागा बघावी, तोंड कुठंही करावं, ओटा हवा तेवढा मोठा बांधावा.

कारभारी म्हणाले, "महाराज, सगळे वर जातील."

"जाऊ देत," राजा म्हणाला. "आधी बघू देत."

पहिले आठ दिवस खरंच सगळे वर गेले. मग एका कुंभाराला नदीची माती आवडली. त्यानं भट्टी लावली. भट्टी पेटती सोडून जाता येईना, म्हणून बायकोही आली. तिच्या ओट्यावर दोघी-तिघी टेकायला लागल्या. दिवाळीत राजानं राजवाड्याच्या गच्चीवरून मोजलं, तर खालच्या गावात एकवीस दिवे होते. त्या संध्याकाळी गडाकडे बघायचं तो विसरला.

हौसाबाई पिल्लांना रोज थोडं थोडं लांब नेऊन सोडत होती. आधी नदीपार, मग खिंडीपर्यंत, मग घाटमाथ्यावर. मार्गशीर्ष सरता सरता तीन पिल्लं टोपलीत बसून लेकीकडे गेली. पांढऱ्या पिसाचं त्यात होतं. राजाला ते पाठववत नव्हतं, पण हौसाबाई म्हणाली, "वाट चुकूनही आपल्या छपरावर परत आलंय ते. त्याच्याइतकी वाट कुणालाच माहीत नाही."

पौष उजाडला. राजा रोज छपरावर बसून असायचा. मुदपाकखान्यातला आचारी एक-दोनदा खालून डोकावून गेला. हौसाबाईनं त्याच्याकडे असं बघितलं की तो पुन्हा आला नाही.

नवव्या दिवशी भर दुपारी घाटाच्या बाजूनं एक ठिपका आला. कळसाला त्यानं एक घिरटी घातली आणि तो सरळ राजाच्या मांडीवर उतरला. डाव्या पंखात एकच पांढरं पीस. राजानं त्याला दोन्ही हातांत धरलं आणि पायाची चिठ्ठी हौसाबाईनं सोडली. वाचली मात्र राजानंच.

'बाबा, पहाटे मुलगी झाली. दोघी सुखरूप आहोत. मोरावळा आता पाठवा.'

राजा हसला, रडला, आणि पुन्हा हसला. मोरावळ्याची बरणी त्याच घटकेला निघाली आणि तिसऱ्या दिवशी पोचली. लेकीनं ती एकटीनं संपवली म्हणतात.

हौसाबाईनं मग जुन्या बावीस कबुतरांचं दार उघडलं. ती सगळी सरळ गडावर गेली. राजानं वरची कौलं शाकारून दिली आणि दाण्याचं पोतं वर धाडलं. दोन दिवसांनी काजळी मात्र एकटीच खाली उतरली, नव्या ढाबळीत शिरली, आणि पांढऱ्या पिसाच्या शेजारचा खोपा धरून बसली. हौसाबाई करवंटी वाजवायला उठली होती, ती तशीच परत बसली. राजानं विचारलं, "हिला कुणी शिकवलं?" हौसाबाई म्हणाली, "कुणी नाही. आता तिचं माणूस इथं आहे."

ते गाव पुढं मोठं झालं. वेशीला दरवाजा होता, पण तो लावल्याचं कुणाला आठवत नाही.

म्हणून, लहानांनो आणि लहानांच्या वडीलधाऱ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: कोंडलेलं नुसतं जवळ राहतं, रुळलेलं परत येतं.