मिठागरातली हौसा आणि तीन मोती

एक होतं मिठागर. अगदी समुद्राच्या कुशीत. भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हानं ते आटायचं, आणि खाली पांढरंशुभ्र मीठ उरायचं. दिसायला फार देखणं, बरं का. पण त्या पांढऱ्यावर ऊन पडलं की असं लखलखायचं, की तिथं राबणाऱ्यांचे डोळे हळूहळू अधू व्हायचे. केस पिकायच्या आधी नजर जायची.

त्या मिठागरात गोमाजी राहायचा, त्याची बायको हिरू, आणि दोन लेकी. थोरली बायजा, धाकटी हौसा. गोमाजी असा ताकदवान, की मिठाच्या दोन टोपल्या एकावर एक डोक्यावर घेऊन धावत बांध चढायचा. बायजाचा गळा गोड. ती गायला लागली की मीठ ओढणाऱ्या बायांचे हात आपोआप तालावर चालायचे. आणि हौसा? हौसाला प्रश्न पडायचे. आईचे डोळे अंधुक का झाले? शेजारणीचा एकच डोळा का गेला, दुसरा का राहिला? म्हातारी माणसं म्हणायची, मिठागरात जन्मलं की असंच असतं, पोरी.

मग एकदा काय झालं, मीठ न्यायला आलेल्या व्यापाऱ्यानं सांगितलं की राजाच्या नगरात एक मोठी पाठशाळा आहे. तिथं डोळ्यांची विद्या शिकवतात. तीन वर्षांची विद्या. त्या दिवसापासून हौसाचं जेवणावरचं लक्ष उडालं. शेवटी गोमाजी म्हणाला, चल, विचारून तर येऊ.

बापलेक चालत चालत नगराला गेले. पाठशाळेच्या मोठ्या गुरुजींनी हौसाला तीन प्रश्न विचारले. पहिल्याचं उत्तर तिनं दिलं. दुसऱ्याचंही दिलं. तिसरा प्रश्न ऐकून ती म्हणाली, "हे मला ठाऊक नाही. तेच शिकायला आले आहे." गुरुजी म्हणाले, उद्यापासून ये.

पण पाठशाळेच्या दारात एक चांदीचं तबक ठेवलेलं होतं. राजाचा नियमच होता तसा. दर वर्षी त्या तबकात बोराएवढा एक मोती टाकायचा, मगच दार उघडणार. राजाचं म्हणणं असं, की फुकट मिळालेल्या विद्येला किंमत राहत नाही. सावकारांची मुलं यायची, खिशातून मोती काढायची, टाकायची, आत जायची. हौसानं आयुष्यात मोती पाहिला नव्हता. द्वारपाल काही वाईट माणूस नव्हता. तो हळूच म्हणाला की बाई, असे पुष्कळ जण येतात आणि परत जातात, तू काही एकटी नाहीस.

हौसा परत आली. रडली नाही. फावडं घेऊन मुकाट्यानं वाफ्यात उतरली. ते गोमाजीला बघवेना.

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी तो कुठंसा गेला, आणि दुपारी परत आला तेव्हा त्याच्या मुठीत बोराएवढा मोती होता. काळ्या खडकापाशी शिंपल्यात सापडला म्हणाला. घरात केवढा आनंद झाला! बायजानं तर गाणंच रचलं त्या मोत्यावर. फक्त एक गोष्ट हौसाच्या लक्षात आली. नगराच्या वाटेवर तिचं कपड्यांचं एवढंसं बोचकं गोमाजीनं उचललं आणि थोडं चालून खाली ठेवलं. पुन्हा उचललं, पुन्हा ठेवलं. हौसानं विचारलं तर म्हणाला, ऊन लागलं असेल. हौसानं बोचकं आपल्या काखेत मारलं आणि दोघं पुढं चालू लागली.

मग तबकात मोती पडला, दार उघडलं, आणि हौसा शिकू लागली. तिथली मुलं जाईच्या अत्तराचा वास येणारे कपडे घालायची. हौसाच्या लुगड्याला कितीही धुतलं तरी खारा वास यायचा. कुणी तिला वाईट बोललं नाही, पण पंगतीत तिच्या शेजारचा पाट बहुतेक रिकामाच राही. ती म्हणायची, असू दे. मला जागा ऐसपैस मिळते. त्या वर्षी ती डोळा ओळखायला शिकली. डोळ्यात किती पडदे असतात, उजेड आत कसा जातो, सगळं.

वर्ष सरलं. हौसा घरी आली, तर गोमाजी बांधावर बसलेला. डोक्यावर टोपली नाही. हातात पाण्याचा तांब्या धरला तर तो थरथरत होता. आई म्हणाली, थंडीतापानं पार पिळून काढलं त्यांना. हौसाला वाटलं, आता कसली पाठशाळा. पण निघायच्या दिवशी बायजा आली आणि तिनं हौसाच्या हातात मोती ठेवला. ठेवला, आणि बहिणीला घट्ट मिठी मारली. बोलली मात्र एक शब्द नाही. आई म्हणाली, घसा बसलाय तिचा. होईल बरा.

दुसऱ्या वर्षी हौसा अंजनं शिकली, लेप शिकली, कोणता पाला कोणत्या दुखण्यावर ते शिकली. आणि वर्षभर तिच्या मनात एकच टोचत राहिलं. घसा बसला की माणूस घोगरं बोलतं. बायजाचा तर श्वाससुद्धा ऐकू आला नव्हता.

म्हणून काय केलं तिनं, वर्ष संपल्या संपल्या, कुणाला न कळवता घरी आली. मिठागर कसं होतं? गप्प. बाया मीठ ओढत होत्या, पण गाणं नव्हतं. बायजा त्यांच्यात होती. हौसाला बघून तिचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. मग तिनं बोटानं समुद्राकडे दाखवलं. आई काठी टेकत काळ्या खडकाकडे निघाली होती.

हौसा धावत सुटली.

त्या खडकाशी कोण होतं, ठाऊक आहे? दर्याम्हातारी. खोल पाण्यात राहणारी. तिच्या केसांत शेवाळ, गळ्यात शंखांच्या माळा, आणि कमरेपर्यंत ती पाण्यात बसलेली. घाबरू नका रे, जवळ सरका. तर हौसा खडकाआड थांबली आणि तिनं ऐकलं.

दर्याम्हातारी म्हणत होती की, नवऱ्यानं अंगातलं बळ दिलं, त्याला मोती दिला. लेकीनं गळा दिला, तिला मोती दिला. आता तुझ्याकडे काय आहे? डोळे तर तुझे विझतच आलेत, ते घेऊन मी काय करू?

आई म्हणाली, "तूच सांग काय हवंय."

"धाकट्या लेकीची ओळख दे. ती समोर आली तरी तुला वाटलं पाहिजे, ही कुणी परकी मुलगी आहे."

आई पदराचं टोक पिळत उभी राहिली. मग म्हणाली, "ती शिकेल ना पण? मग घे."

हौसाला सगळं उमगलं. आपण पाठशाळेत ज्या पाटावर बसलो, तो बाच्या हातांचा होता. ज्या दिव्याखाली वाचलं, त्याला बायजाचं गाणं जळत होतं. आणि आपल्याला वाटत राहिलं, शिंपल्यात सापडला. ती आडोशातून पुढं आली आणि तिनं आईचा हात धरला. म्हणाली, मला नको ती विद्या. चल घरी.

"तू मध्ये पडू नकोस," आई म्हणाली. आणि आईचा आवाज कधी नव्हे इतका कडक होता, बरं का. "दोघांनी दिलंय ते वाया घालवशील? अर्धवट सोडलंस तर त्यांचं बळ आणि गळा पाण्यातच गेला."

तेवढ्यात दर्याम्हातारीनं मोती पुढं केला. पण तिनं हात धरला भलतीकडेच. आई इकडे, हात तिकडे. तो हात हवेत चाचपडत राहिला. हौसानं दोन वर्षं नुसतं पाठांतर केलं नव्हतं. ती पुढं वाकली आणि तिनं त्या म्हातारीच्या डोळ्यांत नीट पाहिलं. दोन्ही बाहुल्यांवर पांढरा पडदा धरला होता. मोतीबिंदू.

"दर्यामाय," हौसानं विचारलं, "तुला दिसत नाही ना?"

लाटा एकदम थांबल्या. दर्याम्हातारी म्हणाली की किती काळ लोटला, तिला ठाऊक नाही. आधी मासे धूसर झाले, मग होड्या, मग सगळंच. वर यायला बळ पुरेना, म्हणून बळ मागितलं. खाली फार सामसूम वाटायची, म्हणून गळा मागितला. आणि आता कुणाचा चेहराच आठवत नाही, म्हणून ओळख मागते आहे.

हौसा म्हणाली, हे बरं होतं. आता म्हातारी घाईला आली. म्हणाली, मग कर बरं, आत्ता कर.

आणि इथं हौसानं जे केलं ना, ते फार अवघड होतं. तिला होय म्हणता आलं असतं. तसं म्हटलं असतं तर सगळं तिथंच परत मिळालं असतं कदाचित. पण ती म्हणाली, "मला येत नाही. मोतीबिंदू काढायचं तिसऱ्या वर्षी शिकवतात. अर्ध्या विद्येनं हात लावला, तर ऊन-सावली कळते तेवढंही जाईल तुझं. मला मोती दे. शिकून येते."

"नुसत्या शब्दावर मोती? तुझ्यासारखी माणसं होडीत बसून मला नवस बोलतात, आणि किनाऱ्याला लागली की विसरतात. आधी तुझ्या आईनं ओळख द्यावी."

तेव्हा आई पुढं झाली. काठी बाजूला ठेवून ओल्या खडकावर फतकल मारून बसली. म्हणाली, "बाई, ओळख अशी काढून घेता येत नाही. ती करून घ्यावी लागते. लेक परत येईपर्यंत मी रोज ओहोटीला इथं येते. मला जे अंधुक दिसतं, ते तुला सांगते. तू मला खालचं सांग. नाही आली लेक, तर मी आहेच तुझ्या हाताशी."

दर्याम्हातारीशी असं बसून आजवर कुणी बोललंच नव्हतं. मग तिनं चाचपडत आईचा हात शोधला आणि त्यात मोती ठेवला.

तिसरं वर्ष हौसाला फार कठीण गेलं. बारीक सुई धरून ती बकऱ्याच्या डोळ्यांवर सराव करायची. हात हलला की तिला बाचे थरथरते हात दिसायचे, आणि सुई खाली ठेवून ती थोडा वेळ भिंतीला टेकायची. गुरुजी रागावत नसत. पुन्हा कर, एवढंच म्हणत. वर्षाअखेर तिचा हात असा स्थिर झाला, की सुईच्या टोकावरचा थेंबही हलेना. राजानं बोलावून सांगितलं की तू माझी राजवैद्य हो, राहायला महाल देतो. हौसा म्हणाली, आधी शब्द दिलेला आहे तो पाळते, महाराज. मग बघू.

आली ती थेट खडकावर. आई आणि दर्याम्हातारी दोन सख्ख्या जावांसारख्या बोलत बसलेल्या. हौसानं समुद्राला स्थिर राहायला सांगितलं, आणि समुद्र राहिला. मग तिनं एक डोळा केला, मग दुसरा. पट्टी बांधली. पट्टी सुटली तेव्हा दर्याम्हातारीनं समोर पाहिलं. सगळ्यात आधी तिला काय दिसलं? हिरूचं सुरकुतलेलं तोंड. ती म्हणाली, "मला वाटलं होतं तशीच आहेस." आणि दोघी रडल्या.

तोवर बायजा आणि गोमाजीही खडकावर आले होते. दर्याम्हातारीनं शंखात जपून ठेवलेला गळा काढून बायजाला दिला. पण बळाचं काय? म्हातारीनं मान खाली घातली. ते वर चढता उतरता वापरून संपलं होतं. वापरलेलं बळ परत देता येत नाही. हौसाला ते फार लागलं. गोमाजी मात्र म्हणाला, मी ते विकलंच होतं पोरी, उसनं नव्हतं दिलं. हौसानं आईचे डोळेही केले. एक छान उघडला. दुसऱ्याला उशीर झाला होता.

पुढं हौसा बापाला गाडीत बसवून राजाकडे घेऊन गेली. राजा म्हणाला, माग काय हवं ते. ती म्हणाली, दारातलं तबक काढा. राजाला ते रुचलं नाही. फुकट विद्येला किंमत राहत नाही, तो पुन्हा म्हणाला.

हौसानं पाण्याचा पेला गोमाजीच्या हातात दिला. गोमाजीनं तो दोन्ही हातांनी धरला, तरी पाणी हिंदकळून राजाच्या पायांपर्यंत गेलं.

"किंमत दिली गेली, महाराज," हौसा म्हणाली. "फक्त देणारा माणूस तुमच्या दारापर्यंत कधी आला नव्हता."

राजा सिंहासनावरून उतरला. त्यानं स्वतः तो पेला धरला आणि गोमाजीला पाणी पाजलं. मग तो तसाच पाठशाळेत चालत गेला आणि आपल्या हातानं तबक उचलून घेऊन आला.

हौसा राजवैद्य झाली नाही. मिठागराच्या बांधावर तिनं दवाखाना घातला. कोळी आले, आगरी आले, दूरदूरचे लोक आले. बायजा पुन्हा गायला लागली. गोमाजी ओसरीवर बसून ते ऐकायचा. आई ओहोटीच्या वेळी मैत्रिणीला भेटून यायची. आणि पाठशाळेचं दार उघडं राहिलं, ते अजून उघडं आहे म्हणतात.

झालं. सगळी सुखानं नांदली, आणि डोळे त्यांचे निवले. आता तुमचेही मिटा बघू. ए, गोधडी ओढून घे अंगावर. निजा.