जीपला हवं लाकूड

ही गोष्ट माझ्याच चहाच्या चुलीपाशी घडली, म्हणून सांगतो. घाटाच्या पायथ्याला, माझ्या टपरीला लागूनच, हुसेन मिस्त्रीचं गॅरेज आहे, जागा जयसिंगराव सरदेसायांची. रावांनी शहरातून विजेवर चालणारे दोन पंखे आणले. इंजिनात जास्त हवा कोंबली की आपली जुनी जीप घाट उडत चढेल, म्हणाले.

"मालक, पण त्याच्याबरोबर..." मिस्त्री बोलू लागला.

"शिकवू नकोस. पंखे बसव!"

बसवले. पहिल्याच वळणावर जीप खोकली आणि थांबली. राव तापले.

"काम कच्चं तुझं! उद्या जागा खाली कर."

"करतो मालक. जाताना तुमच्या हातचा चहा तेवढा पाजा. फुंकायला दम लागतो मात्र."

असं म्हणून मिस्त्रीनं चुलीतली लाकडं ओढून घेतली आणि फुंकणी पुढं केली. चार माणसं बघत होती, मग राव कसले मागं हटतात! गाल फुगवून फुंकत बसले. राखेनं मिशा पांढऱ्या झाल्या, पाणी काही उकळेना.

"अरे, नुसतं फुंकून काय होतंय? लाकूड घाल की!"

"जीपचंही तेच म्हणणं आहे, मालक. हवा बक्कळ झाली, आता पेट्रोल वाढवू द्या."

राव मिशा झटकून हसले.

"घाल बाबा, तिलाही लाकूड घाल."

गॅरेज अजून तिथंच आहे.