शापित शेले

एका राज्यात, जिथे पक्षी माणसांशी बोलत आणि डोंगरात मांत्रिक राहत, शंखपाल नावाचा राजा होता. त्याने एका मेलेल्या मांत्रिकाची गुहा फोडविली. आत जरीचे शेले होते. 'यांना हात लावू नये' असे दारावर कोरलेले वाचून राजा हसला. त्याने शेले प्रजेत वाटविले. सर्वांत देखणा शेला दासीच्या हाती राणी चंपावतीकडे पाठविला.

थोड्याच दिवसांत दासीला ताप भरला, अंगभर फोड उठले. मग दासीची आई आजारी पडली, मग अवघी आळी.

राजवाड्यातील वृद्ध साळुंकी म्हणाली, "राजा, शाप शेल्यातून अंगात जातो आणि श्वासावर बसून दुसरे घर शोधतो. तीन कामे कर. पहिले, सर्वांना आपापल्या घरी थांबव."

"उद्या यात्रा आहे. ती होऊन जाऊ दे."

यात्रा झाली. लोक खांद्याला खांदा लावून नाचले आणि ताप घेऊन गावोगाव परतले.

राणीही अंथरुणाला खिळली. राजा धावला, तेव्हा ती दाराआडून म्हणाली, "महाराज, आत येऊ नका." पहाटे ती गेली.

मग राजाने घरोघरची दारे बंद करविली. दुसरे काम, शेले जाळणे. राणीच्या शेल्याला अजून तिच्या केसांचा वास होता. राजाने तो काठीने उचलून आगीत टाकला.

"तिसरे," साळुंकी म्हणाली, "गाईच्या सडावर फोड आलाय, तो या शापाचा दुबळा भाऊ. दंड चिरून त्या फोडातला चीक त्यात भर. अंगातले राखणदार दुबळ्याशी लढून थोरल्याला ओळखायला शिकतील."

राजाने आधी स्वतःचा दंड चिरून त्यात तो चीक भरला. एक फोड आला, थोडी कणकण आली, ओसरली. मग तो आजाऱ्यांच्या उशाशी बसून त्यांना पाणी पाजू लागला. त्याला काही होईना, हे पाहून लोकांनी दंड पुढे केले. शापाला नवे घर मिळेना. तो विझला.

दारे उघडली. राजा आळीआळीतून फिरला. सगुणा कुंभारणीने त्याला अडविले.

"महाराज, घरी थांबायचं साळुंकीनं कधी सांगितलं होतं?"

"यात्रेच्या आदल्या दिवशी."

"माझे दोघे लेक यात्रेत नाचले होते."

राजाने मुकुट उतरविला आणि तो तिच्या ओट्यावर बसला. तिने त्याला बसा म्हटले नाही, उठाही म्हटले नाही. समोरून लोक बाजाराला चालले होते.