चपळेची नवी चाकं

ही गोष्ट फार जुनी नाही, पण गाड्या अजून माणसांशी बोलत होत्या तेव्हाची आहे. विजेवर पळणारी चपळा नावाची एक गाडी होती. वाऱ्याला मागे टाकायची. दसरा जवळ आला तशी तिची मालकीण शरयूताई म्हणाली, "चपळे, यंदा तुला एकच काहीतरी नवं घेता येईल. ब्रेक घेऊ की चाकं?"

"चाकंच!" चपळा म्हणाली. "मला आवरायचं काम माझी मोटरच करते, त्यातून वीज बनवून वर बॅटरीही भरते. ब्रेक नुसता बसून गंजलाय."

ब्रेकने हे सगळं ऐकलं.

दसऱ्याला नव्या चाकांना हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार चढला. पण चाकांच्या मोठ्या फटींतून गंजलेला ब्रेक येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू लागला. चपळेला लाज वाटली. "लोक बघतायत," ती त्याच्यावर खेकसली. "जरा आत सरक ना!"

पुढे एकदा घाटमाथ्यावर बॅटरी काठोकाठ भरून ती उताराला लागली. भरलेल्या बॅटरीत आणखी वीज मावेना, म्हणून मोटरला तिला आवरता येईना. समोर वळण आलं, खाली दरी. "अरे, धर मला!" चपळा किंचाळली. ब्रेकने जीव खाऊन, अंगातून धूर निघेपर्यंत तिला धरून ठेवलं.

ती सुखरूप पायथ्याशी पोहोचली, तसे लोक जमले. "काय चाकं आहेत!" म्हणाले.

आतून ब्रेक हळूच म्हणाला, "चपळाताई, लोक बघतायत. पण मला आत सरकायला जागाच नाही गं."

चपळेने आपले दिवे मिटून घेतले.