दुसऱ्या क्लॅरिनेटचे विराम

बाईंनी माझ्या तिसरीतल्या जुळ्या मुलींच्या प्रगतिपुस्तकांत एकच शेरा लिहिला होता : ‘दोघी उत्तम.’ दोन रात्री माझा डोळा लागला नाही. उत्तम नक्की कोण? शाल्मली अखंड बोलते, तिचं ठीक. पण गप्प बसणाऱ्या केतकीकडे बाईंनी पाहिलं तरी का? (संशयाला मला फारसं कारण लागत नाही, हे कबूल.) शेवटी दोघींना जवळ घेऊन मी एक गोष्ट रचली.

एकदा एक वृद्ध लेखनिक मोठ्या वाद्यवृंदाची स्वरलिपी लिहीत असे. पानावर सगळी वाद्ये मावावीत म्हणून दोन क्लॅरिनेटचे सूर तो एकाच ओळीत मांडी. पहिल्याच्या स्वरचिन्हांच्या उभ्या दांड्या वर, दुसऱ्याच्या खाली. शिष्याला हे खटकले. दुसरे क्लॅरिनेट त्याचा सख्खा भाऊ वाजवीत असे. ‘दादाला हळूहळू पुसून टाकायची तर ही युक्ती नव्हे?’ तो पाळत ठेवू लागला.

एका पानावर पहिला वादक एकटाच वाजवणार होता. तिथे वृद्धाने त्याच्या सुरांखाली सावकाश, एकेक करून, विरामाच्या खुणा काढल्या.

“गुरुजी, दादा इथे वाजवतच नाही. मग एवढी शाई कशाला? तो गप्प आहे, हे चारचौघांत दाखवायला?”

वृद्ध हसला. “संशय घे, पण कोऱ्या जागेचा घे. या खुणा नसत्या, तर वाचणारा म्हणाला असता, दोघे एकच सूर वाजवताहेत. कोरी जागा दिसली की माणूस ती आपल्या मनाने भरतो. दोघांना एका ओळीत बसवायचं, तर गप्प असणाऱ्यालाही लिहावं लागतं, बाळा. तुझा दादा तिथे मात्रा मोजतोय. त्याचं थांबणं त्याचंच राहू दे.”

पुढच्या पानावरचे विराम शिष्याने स्वतः काढले.

गोष्ट बरी जमली, असं मला उगीचच वाटलं. शाल्मलीने विचारलं, “केतू, तुला आवडली?”

“आवडली की तिला! कळलीसुद्धा,” मीच म्हणाले.

केतकीने माझ्याकडे पाहिलं. “आई, थांब ना. मी अजून मोजतेय.”