नरहरभटांचा शब्द

फार फार वर्षांपूर्वी, आपल्या करंजढोल गावात मोजकीच घरं होती, तेव्हाची ही गोष्ट. गावात नरहरभट नावाचे भटजी होते. आवाज पहाडी, पण स्वभाव असा भित्रा की बैल हंबरला तरी ओसरीवर चढून बसायचे! गावचे तरुण भरती झाले, तेव्हा हेच भटजी पलटणीचे पंडित होऊन त्यांच्यासोबत बोटीत चढले. सगळं गाव चकित झालं.

लढाई समुद्रापल्याड, वाळूच्या मुलखात होती. पलटण वेढ्यात सापडली, सगळे कैदेत गेले. दिवसाला एकच भाकरी मिळायची. माणसं तापाने मरू लागली.

मेलेल्याच्या दहाव्याला पिंड तर ठेवायला हवा. भात कुठला? नरहरभट आपली भाकरी भिजवून तिचाच पिंड करायचे. कावळा शिवला नाही तर मेलेल्याची इच्छा राहिली असं आपण मानतो, पण त्या वाळवंटात कावळाही नव्हता. भटजींनी समुद्राकडे तोंड करून हाक मारली, आणि लाटांवरून एक कावळा आला. पंख ओले, पायांना आपल्याकडची तांबडी माती, असं म्हणतात.

कावळा पिंडासमोर बसून राही. मग भटजी मेलेल्याचा निरोप घरी पोचवायचा शब्द त्याला मोठ्याने देत. "गणू, तुझ्या आंधळ्या आईला तुझी खबर पोचेल. मी शब्द देतो." तेव्हा कुठे कावळा शिवे.

पुढे रोजच कुणाचा तरी दहावा येऊ लागला. भटजी रोज उपाशी राहू लागले.

येसू शेलार नावाचा शिपाई चिडला. "भटजीबुवा, आधी तुम्ही खावा की! तुम्ही गेल्यावर आम्ही कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

"अरे येसू, यांच्या आयांनी विचारलं, लेकाला पिंड मिळाला का, तर काय सांगू? मला भीती वाटते ती त्याचीच."

एका पहाटे भटजी गेले. सगळी छावणी पोरकी झाली.

त्यांच्या दहाव्याला येसूने आपली भाकरी ठेवली. कावळा आला, पण शिवेना. "तुमच्या बायकोला सांभाळू." नाही. "देवळावर नवी कौलं घालू." तरी नाही. ऊन कलायला लागलं. येसू रडकुंडीला आला आणि ओरडला, "भटजीबुवा, तुम्ही दिलेले समदे शब्द आता आमचे! एकेका घरी जाऊन सांगू!"

कावळा शिवला आणि उडाला. त्याच्यामागे वाळूवर पावसाचे चार थेंब पडले, असं म्हणतात.

येसू सुटून आला आणि घरी बसलाच नाही. दोन वर्षं गावोगाव हिंडून त्याने प्रत्येक आईला तिच्या लेकाचा निरोप सांगितला.

आजही करंजढोलला कुणी अंथरुणाला खिळलं, की शेजारी जाऊन सरळ विचारतात, "काय राहिलंय? सांगा. नरहरभटांचा शब्द." पाहुण्यांना ते अभद्र वाटतं. वाटू दे. एकदा सांगितलं की ते काम शेजाऱ्याचं, आणि ते माणसाचे डोळे उघडे असतानाच करायचं. आमच्या नदीवर कावळ्याची वाट बघत ताटकळलेलं घर गेल्या कित्येक पिढ्यांत कुणी पाहिलेलं नाही.